चौसष्टाव्या पानानंतर

आमच्या वाचनालयाला दार नाही. चौकट आहे, आणि चौकटीला जुन्या लुगड्याचा पडदा. शनिशिंगणापूर इथून दोन कोसांवर. तिथली चाल आमच्या गावानंही धरलेली. फळ्या लावायच्या नाहीत, कडी नाही, कुलूप नाही. पडदा सारून आत गेलं की पुस्तकांची तीन कपाटं, एक टेबल आणि टेबलामागं यशया काका. काका तरुणपणी नगरला एका छापखान्यात पुस्तकं शिवायचे. आता सत्तरी उलटली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी टेबलाच्या खणात सुई, दोरा आणि खळीचा डबा अजून आहे. फाटकं पुस्तक दिसलं की त्यांची बोटं स्वस्थ बसत नाहीत.

त्यांचा एक नियम आहे. पुस्तक परत देताना नुसतं ठेवून जायचं नाही, अभिप्रायाच्या वहीत लिहायचं. ‘छान आहे’ एवढं चालत नाही. काका म्हणतात, छान तर चहाबी असतो.

मी, सत्यशीला, अंगणवाडीत मदतनीस आहे. शाळा नववीपर्यंत. वाचनाचा नाद चाळिशीनंतर लागला. पोरांची खिचडी शिजेपर्यंत हाताला काम नसायचं, म्हणून पुस्तक धरलं. खालच्या फळीपासून सुरुवात केली, कारण वरच्या फळीला हात पुरत नव्हता. खालच्या फळीवर विज्ञान होतं.

शरीरावरचं पुस्तक वाचून मी वहीत लिहिलं, ‘आतड्याची लांबी वाचली. एवढं सगळं आत गुंडाळून आपण लग्नात मिरवतो, याचं नवल वाटलं.’ जंतूंचं वाचून लिहिलं, ‘तीन दिवस पाणी पिताना भ्याले. चौथ्या दिवशी तहान जिंकली.’ अणूंच्या पुस्तकात म्हटलं होतं की सगळ्या वस्तू आतून जवळजवळ पोकळ असतात. मी लिहिलं, ‘मग टाचेत काटा मोडतो तो कशात?’ पुढं हात वर पोचायला लागला, स्टूल मिळालं, तेव्हा एक कादंबरी घेतली. तिच्यावर लिहिलं, ‘बाईनं शेवटी घर का सोडलं ते समजलं. तिच्या म्हशीचं पुढं काय झालं ते लिहिलेलं नाही. दोन दिवस म्हशीच्याच काळजीत गेले.’

मला पुस्तकं कळतात की नाही, हे मला कधी धड कळलेलं नाही. मी ओव्यांत वाढले. गिरणीचं पीठ घरात यायला लागलं तरी माझी आई सणाच्या हळदीला जातं मांडायची आणि गळा मोकळा करायची.

गावाच्या शिवेला गं, पिवळी बाभळ फुलली
बंधवाची बैलगाडी, माझ्या दारात थांबली

बाभळीचा आणि गाडीचा काय संबंध, असं जात्यावर कोणी विचारत नाही. दोन ओळी शेजारी बसल्या, दोन बाया बसतात तशा, की बोलणं आपोआप लागतं. पुस्तकंही मी तशीच वाचते. एक वाक्य आभाळात आणि दुसरं चुलीपाशी, असं झालं तरी मी अडत नाही. घोटाळा झाला तो त्यामुळंच.

त्याआधी सासूबाईंचं सांगायला हवं. लंकाबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते. घर दोन खोल्यांचं. त्यात आत्याबाई, मी, नागापूरला एमआयडीसीत पाळीवर जाणारे आमचे मालक, श्रीमंत त्यांचं नाव, आणि पोरगी पंकजा. दोन वर्षांपूर्वी दिवाळी सरली, आणि एका सकाळी आत्याबाईंनी वाकळ गुंडाळली, एक पातेलं घेतलं, दोन कोंबड्या पाटीत झाकून पाटी डोक्यावर घेतली. मळ्यात विहिरीजवळ पत्र्याचं छप्पर आहे, तिथं राहते म्हणाल्या. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान कारण हातात राहिलं असतं. उंबऱ्यात थांबल्या, मागं वळून शेगडीकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, “दुधावर ध्यान ठेव.”

एवढंच. मी चौकटीत उभी राहून त्यांची पाठ बाभळींआड जाईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या गावांत सासू कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून सुनेच्या हातात देते. सगळ्या आळीला कळतं, घर दिलं. आमच्याकडं कुलूपच नाही, तर किल्ली कुठून येणार? घर दिलं का नुसतं टाकलं, याला आमच्यात खूणच नाही. गावानं आपली खूण लावली. सत्यशीलानं म्हातारी मळ्याला धाडली, असं पाणवठ्यावर बोललं गेलं, आणि मी हंडा घेऊन गेले की बोलणं पावसाकडं वळायचं. मालक दोनदा आणायला गेले. त्यांना दोन्ही वेळा ‘इथं बरं हाय’ एवढंच ऐकायला मिळालं. मी विचारायला गेले नाही. दुपारी आत्याबाईंचा डबा पंकजाच्या हाती धाडायचे. माझ्यामुळं गेल्या का, एवढा एक प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तराचं मला भ्या वाटत होतं.

मग गेल्या चैत्रात ते पुस्तक हाती आलं. गडद निळं, ताऱ्यांवरचं. काकांनी नुकतंच नव्यानं शिवलेलं, खळीचा वास यायचा. सूर्य म्हणजे सुद्धा एक ताराच, आणि ताऱ्यांनाही म्हातारपण येतं, हे मला त्यात पहिल्यांदा कळलं. चौसष्टाव्या पानाच्या तळाला असं होतं:

‘कोट्यवधी वर्षे जळत राहिलेल्या ताऱ्याच्या पोटातले इंधन सरत येते. आत जाळायला काही उरत नाही.’

पान उलटलं. पासष्टाव्याच्या माथ्याला:

‘जुनी राणी घर सोडून निघते. मधाने भरलेल्या खोल्या, वाढती पिल्ले, सगळा संसार ती लेकीसाठी मागे ठेवते, आणि थोड्या माश्या सोबत घेऊन बाहेर पडते.’

पातेल्यातली खिचडी करपली, इतका वेळ मी त्या दोन पानांवर बसले होते. लेखकानं सूर्याला राणी म्हटलं, याचं मला जराही नवल वाटलं नाही. पुढची साठ-सत्तर पानं मधमाश्यांचीच होती, सूर्य परत आला नाही, त्याचंही नाही. जात्यावर बाया रामापासून सुरू करतात आणि माहेरात जाऊन बसतात, परत रामाकडं यायचं भान कोणाला असतं? माझ्या डोळ्यांपुढं पाटीतल्या दोन कोंबड्या होत्या.

वहीत मी त्या दोन ओळी जोडून उतरवल्या आणि खाली पानभर लिहिलं. शेवटी असं: ‘आमच्याही घरातून एक राणी निघाली. मला वाटलं रागानं. आता कळलं की आतलं सरपण सरलं होतं, म्हणून भरलं घर ठेवून गेल्या. हे सांगायला मला सूर्याचं पुस्तक लागलं.’

त्या दिवसापासून संध्याकाळची भाकरी मी स्वतः मळ्यात न्यायला लागले. छपराखाली बसायचे. आत्याबाई शेवग्याबद्दल, कोंबडीच्या खुडुक बसण्याबद्दल बोलायच्या. मी प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर मला छापील मिळालं होतं.

अशी दीड-पावणेदोन वर्षं… नाही, चैत्र ते कार्तिक, आठच महिने. सुखाचे दिवस मोजताना माझा असा गोंधळ होतो.

दिवाळीनंतर यशया काकांनी मला बोलावून एक कागद पुढं केला. तालुक्याला वाचकांचा मेळावा भरणार होता, प्रत्येक वाचनालयानं एक अभिप्राय पाठवायचा होता, आणि आपल्याकडून तुझा जाणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नेवाशाला जाऊन माइकवर वाचायचं. कागदावर पुस्तकाचं नाव लिहायला जागा होती, आणि खाली दोन चौकोन: विज्ञान, इतर. एकावर खूण करायची. काका म्हणाले, विज्ञानावर कर, पुस्तक खालच्या फळीवरलं हाय. मी म्हटलं, पण मी तर सासूबाईंवर लिहिलंय. काकांनी कपाळ चोळलं आणि सोमवारपर्यंत विचार करून सांग म्हणाले.

शनिवारी पंकजा शाळेतून आली ती तेच निळं पुस्तक घेऊन. शाळेच्या कपाटात सापडलं म्हणाली. आईचा अभिप्राय नेवाशाला जाणार म्हणून तिनंही वाचायला घेतलं होतं. दप्तर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“आई, यात सूर्य राणी न्हाई.”

“मग कोण हाय?”

“कोणच न्हाई. इंधन सरलं की तो फुगतो. तांबडा होतो आन् जवळ फिरणाऱ्यांना गिळतो.”

“कोणाला?”

“आपल्याला. पण लई वर्षांनी,” ती म्हणाली, जणू तेवढ्यानं मला धीर येणार होता.

मी पुस्तक ओढून घेतलं. चौसष्टावं पान तेच, शब्दाला शब्द. पासष्टाव्यावर मात्र: ‘तेव्हा तो फुगू लागतो. तांबडा होत जातो आणि भोवतीच्या ग्रहांना एकेक करून गिळतो.’ शेवटापर्यंत चाळलं. एक माशी नाही. मला आधी वाटलं, शाळेचं पुस्तक आहे, पोरांना राणीचं काय कळणार, म्हणून काढून टाकलं असेल. मग वाटलं, मीच स्वप्नात वाचलं की काय. पण पानभर लिहिलेलं होतं, खिचडी करपली होती. करपलेल्या खिचडीला तर खोटं म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी वाचनालयात गेले. काका अजून आले नव्हते. दार नाही त्यामुळं ते असण्या-नसण्याचा प्रश्न नसतो. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, पिवळ्या पुठ्ठ्याचं मधमाशीपालनाचं पुस्तक होतं. ते कोणी नेल्याची नोंदच नव्हती. उघडलं. चौसष्टाव्या पानाच्या तळाला:

‘पोळ्यात दाटी होते. राणीला अंग वळवायलाही जागा उरत नाही.’

आणि पासष्टाव्यावर तारा फुगत होता.

मी फरशीवर बसले. पिवळ्या पुस्तकाचं पहिलं अर्ध आणि निळ्याचं दुसरं अर्ध माझ्या मांडीवर एकत्र शिवलेलं होतं, आणि उरलेली दोन अर्धं कपाटात शिवलेली होती. पानांचे आकडे बरोबर लागले होते. बाकी सगळं चुकलं होतं. मला आठ महिने जे समजलं होतं ते कोणीच लिहिलेलं नव्हतं. राणी का निघते? तर घरात जागा उरत नाही म्हणून. म्हाताऱ्या ताऱ्याचं काय होतं? तो जवळच्यांना गिळतो. सरपण सरलं म्हणून भरलं घर ठेवून जाणारं या दोन्ही पुस्तकांत कोणीच नव्हतं. मग आत्याबाई कुठल्या पानावर होत्या? दोन खोल्यांत दाटी माझी होती. पंकजाची खाट मीच मांडली होती, आत्याबाईंच्या अंथरुणाच्या जागी.

काका आले. मला काही सांगायचं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हातांनी पुस्तकं शिवली त्या हातांना मी काय सांगू? पण दोन्ही पुस्तकं तोवर मी टेबलावर आणून ठेवली होती, आणि मी नुसतं म्हटलं, काका, शिवण जरा बघता का. त्यांनी निळं उचललं. डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठ्यानं पानांच्या कडेवरून उतरत गेले, मध्यावर थांबले, मागं आले, परत उतरले.

“हा कागद ह्याचा न्हाई,” ते म्हणाले.

मग पिवळ्यावरूनही अंगठा फिरवला. नंतर हळूहळू सांगितलं. चैत्रातच दोन्ही पुस्तकं उसवून टेबलावर मांडली होती, सोळा-सोळा पानांचे फर्मे वेगवेगळ्या ढिगांत. वावटळ आली. चौकटीतून पडदा आत आला आणि सगळे फर्मे जमिनीवर. त्यांनी गोळा केले, आकड्यांमागं आकडे लावले, दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, झालं म्हणून शिवून टाकली.

“आकडं दिसत व्हतं मला. मोठं असत्यात. बारकं दिसत नव्हतं,” ते म्हणाले. “हात तरी लावून बघायचा का न्हाई. डोळ्यावर इस्वास ठेवला.”

मी म्हटलं, राहू द्या काका, असंच राहू द्या, मला असंच आवडलंय. त्यांनी खणातली कात्री काढून माझ्यापुढं ठेवली. पुढच्या माणसाला मध काढायला पुस्तक पाहिजे असेल आणि त्याला तारा सापडला तर, असं विचारलं. दोरा त्यांना दिसत नव्हता म्हणून मी उसवलं, आणि ते सांगत गेले तशी मीच परत शिवली, वेडीवाकडी. दुपारपर्यंत दोन्ही पुस्तकं आपापल्या घरी गेली. खळी वाळेपर्यंत वर वीट ठेवली. काकांनी मेळाव्याचा कागद उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

“आता तुझा अभिप्राय कुठल्या पुस्तकावरचा म्हनायचा गं?”

पुस्तकाचं नाव लिहायची जागा कोरी होती. ज्या पुस्तकावर मी लिहिलं होतं ते आता जगात नव्हतं. माझ्याच हातानं मी ते उसवलं होतं.

दिवस कलायच्या आत मी मळ्याला निघाले. पिशवीत भाकरी, दोन्ही पुस्तकं आणि काकांकडून मागून घेतलेली वही. पुस्तकं कशाला घेतली ते मला सांगता यायचं नाही. बहुतेक एकटी जायला धीर होत नव्हता.

आत्याबाई छपरापुढं भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. मीही डहाळा ओढून घेतला. म्हटलं, आत्याबाई, काही वाचून दाखवू का. त्या म्हणाल्या, वाच की, कान मोकळंच हाईत. आधी ताऱ्याचं वाचलं, जसं छापलंय तसं, गिळण्यापर्यंत. त्यांनी ‘बाई बाई’ केलं आणि मावळतीकडं एकदा पाहून घेतलं. मग माश्यांचं वाचलं. पोळ्यात दाटी होते, तेही वाचलं. शेंगा तोडणं चालूच होतं. मग वही काढली आणि माझं वाचलं, दोन्हीची जोडलेली ओळ, खालचं राणीचं, सरपणाचं. ते वाचताना मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर चूक कशी झाली तेही सांगितलं, वावटळ, फर्मे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मंजे पयलं दोन खरं,” त्या म्हणाल्या, “आन् हे तुजं वाऱ्यानं लिवलं.”

“व्हय.”

कोंबडी शेंगांत शिरली, तिला त्यांनी हाकललं. मी अजून थांबले असते तर परत आठ महिने गेले असते. म्हणून विचारलं.

“आत्याबाई, घरात जागा नव्हती म्हणून गेल्या का तुम्ही? मी खाट मांडली म्हणून?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या ओंजळीत टाकले.

“जागा नव्हती, हे खरं हाय. पोरगी पाय पोटाशी घिऊन वाचायची. कोनीतरी जायाचंच व्हतं.” मग दुसरी शेंग उचलत, “पन कोनी जायाचं, ते म्या ठरिवलं. तू न्हाई.”

मी दाणे तसेच धरून बसले. हे रागाचं होतं का मायेचं, मला कळेना. दोन्ही ओळी शेजारी होत्या आणि बोलणं लागत नव्हतं.

“मग निघताना काही सांगायचं तरी,” मी म्हटलं. “दोन वर्षं मला कळलं नाही, घर दिलं का टाकलं ते.”

आत्याबाईंचा हात थांबला. या खेपेला त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पोरगं चुकलं की बघतात तसं.

“सांगितलं न्हाई व्हय? दुधावर ध्यान ठेव म्हनले की. आजून काय सांगत्यात?”

पत्र्यावर उन्हाचा शेवटचा पट्टा होता. त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, चटणी बोटानं चाखली, मीठ कमी झालं म्हणाल्या. मग वहीकडं हनुवटी केली.

“ते वाऱ्यानं लिवलेलं परत वाच. त्यातली राणी बरी हाय.”

मी वाचलं. अंधुक झालं होतं, पण ते मला पाठ होतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मध्येच एका शब्दावर मान हलवत होत्या, सरपणाच्या की माश्यांच्या ते दिसलं नाही. मेळाव्याचा कागद वहीत दुमडून होता, दोन्ही चौकोन कोरे.

परत निघाले तेव्हा त्यांनी पिशवीत शेंगा भरल्या. वाटेनं मी तेच घोळवत होते. दुधावर ध्यान ठेव. दोन वर्षं किल्ली माझ्या कानात होती, आणि मी ती पुस्तकांत धुंडाळत होते.

एक गोष्ट मात्र मी आत्याबाईंना तेव्हाही सांगितली नव्हती आणि आजही सांगितली नाही. त्या सकाळी मी चौकटीत उभी राहून त्यांची पाठ बघत होते, आणि मागं शेगडीवर सगळं दूध उतू गेलं होतं.